कळवते

१२ फेब्रुवारी

ताई,

मंगळवारी दुपारी तळमजल्याच्या जागेसाठी तुला जो फोन आला, तो माझा होता.

पत्र लिहायला बसलं की आधी समोरच्याची खुशाली विचारावी, हे तूच मला शिकवलं होतंस. मी चौथीत होते, मामाला पत्र लिहायचं होतं आणि मी थेट 'मला सायकल हवी' इथून सुरुवात केली होती. आजही तसंच होणार. आधी कामाचं लिहिते, बाकीचं मग बघू.

मी सध्या भाडेकरूंच्या मदत केंद्रात काम करते. केंद्र म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. खिडकी उघडली की रबराचा वास येतो आणि लावली की आदल्या दिवशीच्या चहाचा. केंद्र चालवतात त्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाईच म्हणतात. आडनावावरून किंवा वस्तीवरून ज्यांना घर नाकारतात, ते लोक आमच्याकडे येतात. मग आम्ही जोडीने फोन करतो. आधी मी, आपलं आडनाव सांगून. तासाभराने दुसरी, तिचं आडनाव सांगून. त्या दुसरीला आम्ही साखर म्हणतो. तिचा आवाज ऐकला की घरमालक न विचारता पंखे किती आहेत ते सांगायला लागतात. दोघींची नोकरी सारखी, घरातली माणसं सारखी, प्रश्न सारखे. फोन ठेवला की जे ऐकलं ते लिहून काढायचं. विशेषणं लिहायची नाहीत. 'तुसडेपणाने म्हणाले' असं लिहिलं की बाई लाल पेनने तुसडेपणा काढून टाकतात.

तर मंगळवारी मी जे ऐकलं ते असं.

तू म्हणालीस, "हो, जागा रिकामी आहे. तळमजला, दोन खोल्या, मागच्या बाजूला ऊन येतं." मग म्हणालीस, "भिंतींना दोन हात झालेत, तिसरा राहिलाय. घाईचा हात नको म्हणून मीच थांबवलंय." मग विचारलंस, "नाव काय म्हणालात?" मी नाव खोटं सांगितलं आणि आडनाव खरं. आमचा नियमच तसा आहे. त्यानंतर फोनवर काही ऐकू आलं नाही. मग तू म्हणालीस, "बरं. कळवते."

मला सर्दी झाली होती. त्यामुळे तू मला ओळखलंस की नाही, ते मला माहीत नाही. मी तुला 'घाईचा हात' ऐकून ओळखलं. रंगाच्या थराला हात सगळेच रंगारी म्हणतात, पण घाईचा हात आपल्या बाबांखेरीज कुणी म्हटलेला मी ऐकलेला नाही.

तासाभराने साखरेने फोन केला, तेव्हा तू तिला शनिवारी जागा बघायला ये म्हणालीस.

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं, म्हणून मी थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली एक माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. मग मी टेबलाशी येऊन लिहिलं : म्हणाल्या, कळवते.

तुझा पत्ता तक्रारीच्या फायलीत होता. तिथून घ्यायचा नसतो, मी घेतला. पाकिटावर माझं नाव टाकलेलं नाही. तुझ्या घरी पत्रं कोण उघडतं ते मला माहीत नाही, म्हणून खालीही तूच ठेवलेलं नाव टाकते. दुसऱ्या कुणाला त्याचा अर्थ लागायचा नाही.

बाबा बरे आहेत.

शेपूट

२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरून चालले होते असंही नाही.

तक्रार कुणाची आहे ते तुला सांगायला हवं. ती नर्स, जी जानेवारीत मुलीला घेऊन, तू इमारतीच्या समितीची सेक्रेटरी म्हणून, तुझ्याकडे जागा बघायला आली होती. तुमच्या इमारतीपासून तिचं हॉस्पिटल चालत जाण्यासारखं आहे. आडनाव तिचंही आपलंच. सध्या ती बंधाऱ्याखाली, आपल्याच गल्लीत राहते आणि दोन बस बदलून कामावर जाते. रात्रपाळी असली की मुलीला शेजारणीकडे झोपवते. ती शेजारीण आता गाव सोडून चालली आहे. म्हणून तिला ही जागा हवी आहे. हॉस्पिटलातून मध्येच घरी येऊन मुलीवरचं पांघरूण बघता येईल, एवढाच तिचा हिशेब.

तिला तू जागा दाखवलीस. मुलीला मागचं अंगण आवडलं. मग तू आडनाव विचारलंस आणि म्हणालीस, कळवते. ती वाट बघत राहिली. तिला ते खरंच वाटलं होतं, ताई. ड्यूटीवर फोन खिशात ठेवता येत नाही, म्हणून तिने वॉर्डातल्या मुलाला सांगून ठेवलं होतं की फोन आला तर मला हाक मार. शेवटी तिनेच फोन केला, तेव्हाही तू म्हणालीस, अजून ठरलं नाही, कळवते.

या शब्दावरून आमच्याकडे बाईंचं आणि नगरपालिकेच्या साहेबांचं कायम वाजतं. साहेब तक्रार ऐकून घेतात आणि विचारतात, "नाही म्हणाले का? नाही म्हटल्याचं दाखवा." नाही कुणीच म्हणत नाही. सगळे भले लोक आहेत. जागा विकायची आहे म्हणतात, भाचा यायचा आहे म्हणतात, आणि बहुतेक वेळा कळवतो म्हणतात. बाई म्हणतात, ज्याला कळवतो म्हटलं त्याला कधी कळवलं जात नाही, आणि ज्याला द्यायची त्याला या म्हणतात. म्हणून तर जोडीने फोन करावे लागतात.

आईला तू काय म्हणाली होतीस, ते मी इथे विशेषण न घालता लिहिते. आई हॉस्पिटलात होती, मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "घरात सासरचे आहेत, आत्ता बोलता येत नाही. कधी येते ते कळवते." मी आईला सांगितलं, ताई कळवणार आहे. आईने वॉर्डबॉयला सांगून खाट दाराच्या बाजूला वळवून घेतली. मग आई गेली. त्यानंतर तुला कळवायचं काही राहिलं नाही, मलाही.

नियम असा आहे की, ज्याला फोन करायचा तो ओळखीचा निघाला तर त्याच दिवशी बाईंना सांगायचं. मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझा कागद रद्द होईल आणि नर्सच्या तक्रारीत दम राहणार नाही. नाही सांगितलं तर पुढच्या महिन्यात साहेबांसमोर मी एका बाजूला आणि तू दुसऱ्या बाजूला अशा बसू. साहेब तुला विचारतील, यांना ओळखता का. तू काय म्हणशील, याचा विचार करत मी परवा एक स्टॉप पुढे उतरले.

तुझं माहेर कुठलं ते तुझ्या नवऱ्याला माहीत आहे, हे मला ठाऊक आहे. इमारतीला माहीत नाही, हेही मी ताडलं आहे.

शेपूट

४ मार्च

ताई,

मी बाईंना सांगितलं.

धीर वगैरे गोळा केला नाही. त्या कपाट लावत होत्या, मी म्हटलं, "बाई, त्या सेक्रेटरी माझी सख्खी बहीण आहेत." 'आहे' म्हणायच्या ऐवजी 'आहेत' म्हणाले, ते बोलून झाल्यावर लक्षात आलं. बाईंनी हातातली फाईल खाली ठेवली.

"तू तिच्याशी बोललीस का?"

"बोलले नाही. लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"सगळं."

बाई मुलांवर ओरडायच्या तशा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "म्हणजे आता त्यांना माहीत आहे की आपण बघतोय."

ताई, खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं हे काम करून माझ्या डोक्यात आलं नाही. मी तुला लिहीत होते, समितीच्या सेक्रेटरीला नाही. साखर म्हणाली, "तू म्हणजे धन्य आहेस." तिचा आवाज तेव्हाही गोडच होता.

माझा कागद रद्द झाला. बाईंनी नव्याने फोन लावायचं ठरवलं. या वेळी पहिली म्हणून आपल्या बाजूच्या शिवणकाम करणाऱ्या काकू बसल्या. आडनाव आपलंच. मी खोलीत थांबायचं नव्हतं, म्हणून खाली टायरवाल्याकडे जाऊन बसले. तो म्हणाला, "आज काय, बाहेर काढलं का तुम्हाला?" मी हो म्हटलं. त्याने स्टूल दिलं.

वर आले तर काकूंनी लिहिलेला कागद बाईंच्या हातात होता. तू काकूंना म्हणाली होतीस, "हो, जागा आहे. या ना बघायला. किल्ली माझ्याकडेच असते." आडनाव विचारलंस आणि ऐकून घेतल्यावरही तेच म्हणालीस. साखरेलाही तेच.

दोन्ही कागद बाईंनी शेजारी शेजारी ठेवले. शब्दाला शब्द सारखा. आमच्या भाषेत याला स्वच्छ म्हणतात. स्वच्छ म्हणजे तक्रारीत काही नाही.

नर्सला फोन करून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा." मग म्हणाली, "ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." ती मला ताई म्हणते. मी म्हटलं, नाही वाटून घेत. त्यात खोटं काही नव्हतं. वाईट वाटायचं असतं तिथे मला सध्या पाय मुंग्या येऊन बधिर होतो तसं होतं. आपलाच असतो, पण हात लावला तरी कळत नाही.

तू काकूंना हो का म्हणालीस? माझ्या पत्राची भीती वाटली म्हणून? असेल. मी तुझ्या जागी असते तर मलाही वाटली असती. पण मग तू काकूंना बोलावलंस ते नुसतंच बोलावलंस का, तेही मला कळत नाही. मला आता फोनवर बसवत नाहीत. मी फायली लावते आणि येणाऱ्याला बसा म्हणते.

शेपूट

१९ मार्च

ताई,

परवा तुमच्या फाटकाशी काय झालं ते मला नर्सने सांगितलं. तू तिथे होतीस, तुला सांगायची गरज नाही. तरी लिहिते, कारण मला ते कसं कळलं हे तुला माहीत नाही.

कागद स्वच्छ आल्यावरही बाईंनी बारा-तेरा दिवस ती फाईल टेबलावरच ठेवली होती. परवा चहा पिता पिता म्हणाल्या, "त्या आडनावाला त्यांनी हो म्हटलंय ना? मग चला, ते हो घेऊन येऊ." नर्सला बोलावून घेतलं आणि दोघी रिक्षाने तुमच्याकडे आल्या. मला नेलं नाही, ते बरोबरच होतं.

परत आल्या तेव्हा नर्स उभ्याउभ्याच बोलत होती. बाईंनी तिला बसवलं, मला म्हणाल्या, लिहून घे. मी कागद घेतला. ती सांगत गेली तसं लिहिलं. तेच खाली उतरवते.

फाटकाच्या आत खुर्ची टाकून समितीचे अध्यक्ष बसले होते. नर्सला बघून म्हणाले, जागा गेली. बाई म्हणाल्या, मध्यंतरी फोनवर आहे म्हणाले होते. अध्यक्ष म्हणाले, फोनवर कोण काय बोलतं ते मला सांगू नका. तेवढ्यात सेक्रेटरी मॅडम जिन्यावरून खाली आल्या. म्हणाल्या, "जागा आहे. मी हो सांगितलंय." अध्यक्ष म्हणाले, "कुणाला सांगितलंत?" मॅडम म्हणाल्या, "याच आडनावाला." अध्यक्ष म्हणाले, "अहो, पण आपण कळवतो म्हणायचं ठरलं होतं ना?" मॅडमनी फाटकाची कडी काढली. अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला यांचा एवढा काय पुळका?" मॅडम म्हणाल्या, "माझं माहेरचं आडनाव तेच आहे."

इथपर्यंत लिहिलं. नर्स पुढे किल्लीचं सांगत होती, मुलीची शाळा कुठली ते तू विचारलंस ते सांगत होती. मी खाली बघितलं तर मी तेच वाक्य पुन्हा लिहिलेलं होतं. म्हणाल्या, माझं माहेरचं आडनाव तेच आहे. एकाखाली एक, दोनदा. बाईंनी कागद वाचला. लाल पेन त्यांच्या हातातच होतं. त्यांनी दुसरं वाक्य खोडलं नाही.

नर्सला आपलं नातं माहीत नाही. ती म्हणाली, "किल्ली माझ्या हातात दिली, तरी जरा वेळ त्यांनी ती सोडलीच नव्हती हो." ते मी लिहिलं नाही, पण मला ऐकू आलं.

घरी येऊन मी बाबांना काही सांगितलं नाही. त्यांना चहा दिला, दिवा लावला, मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. खूप दिवसांनी. बाबा बाहेरून म्हणाले, "पाणी किती वेळ चालू ठेवणार आहेस?"

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

शेपूट

२८ एप्रिल

ताई,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

नर्स तुमच्याकडे राहायला आली, ते तू बघतेसच. आम्हाला तिच्याकडून बातम्या मिळतात. फलकावर नव्या सेक्रेटरीच्या नावाचा कागद लागला, हे तिनेच सांगितलं. ती असंही म्हणाली, "त्या मॅडम आता लिफ्टने येत नाहीत, तीन मजले चढून जातात. लिफ्टमध्ये कुणी असलं की थांबतात आणि जिना धरतात." तिला वाटतं तू व्यायाम करतेस. मी हो म्हटलं.

घरातला तिसरा हात राहिलेलाच होता. समिती म्हणाली, आता तुमचं तुम्ही बघा. नर्सने मला विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी रंगारी आहे का? आहे, असं मी म्हटलं आणि मग जीभ चावली. पण बोलून गेले होते.

बाबांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. त्यामुळे आम्ही वाटणी करून घेतली. कमरेपर्यंतची भिंत त्यांची, वरची माझी. मी रोलर फिरवला की ते खालून बघून म्हणायचे, "घाईचा हात." नर्सच्या मुलीला ते इतकं आवडलं की ती प्रत्येक गोष्टीला घाईचा हात म्हणायला लागली. वेणीला, भाकरीच्या तुकड्याला, आईच्या पावडरीला. मी बाबांना इमारत कुणाची, कशी, काही सांगितलेलं नव्हतं. एका ओळखीच्या बाईचं काम आहे, एवढंच.

पहिल्याच दिवशी ते दारातल्या नावाच्या पाट्यांपुढे थांबले. पाट्या वाचायची त्यांना जुनी खोड आहे, अक्षर कुणी काढलंय ते बघतात. मी ब्रश आणि डबे घेऊन पुढे झाले. ते जरा वेळाने आले. आल्याआल्या डब्याचं झाकण उघडायला बसले. तुझं सासरचं आडनाव त्यांना माहीत असेल याची मला कल्पना नव्हती. तू गेल्यापासून त्यांनी ते कधी तोंडातून काढलेलं नाही.

काल काम संपलं. मी ब्रश धूत होते. बघते तर बाबा नाहीत. अंगणात नाहीत, फाटकाशी नाहीत. बऱ्याच वेळाने जिन्यावरून उतरताना दिसले, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी म्हटलं, कुठे होता? म्हणाले, "पाणी बघायला वर गेलो होतो." पाण्याचा नळ खालीच आहे, त्यांच्या पायाशी बादली भरलेली होती. मी म्हटलं, बरं.

बसमध्ये खिडकीशी बसले. आपला स्टॉप जवळ आला तेव्हा म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दाराशेजारी भिंत फुगलीये."

मी ब्रशांची पिशवी मांडीवर घेतली.

"ओल आहे. वरून रंग दिला तर राहायचा नाही. खरवडून काढावं लागेल, वाळू द्यावं लागेल, मग भेगांत लांबीचा लगदा भरायचा. वेळ लागतो त्याला."

"तुम्ही बेल वाजवलीत का?"

"रंगाच्या कपड्यात?" म्हणाले. मग म्हणाले, "आत रेडिओ चालू होता. कुणीतरी खोकलं." स्टॉपवर उतरता उतरता म्हणाले, "भिंतीचं कुणीतरी कळवायला पाहिजे त्यांना."

मी म्हटलं, कळवते.

ताई, तुझ्या दाराशेजारी भिंतीला ओल आली आहे. बाबा येऊन बघतो म्हणतात. रविवारी ते घरीच असतात. ये म्हण, नाहीतर नको म्हण.

शेपूट